ब्राह्मीची पुडी आणि विसरण्याचा आजार : वनस्पतीतून औषध कसं शोधतात?


घरातलं म्हातारं माणूस विसरायला लागलं की चारचौघी चार उपाय सांगतात. कुणी ब्राह्मी म्हणते, कुणी अश्वगंधा, कुणी आठवडी बाजारातून जडीबुटीवाल्याची पुडी आणते. झाडपाल्यात औषध असतं हे खरं. पण कोणत्या झाडात, किती, आणि कशावर, हे कसं ठरतं? या महिन्याच्या पाठात तेच पाहू.

आधी आजार ओळखू या

चष्मा कुठं ठेवला हे विसरणं निराळं. चूल पेटवलीय हेच विसरणं, रोजच्या वाटेवर घर न सापडणं, पोटच्या लेकीला न ओळखणं हे निराळं. याला स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया म्हणतात. अल्झायमर हा त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या दर १०० माणसांत सुमारे ७ जणांना हा त्रास आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये आणि शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त. "म्हातारचळ लागला" म्हणून आपण सोडून देतो, तो हा आजार असू शकतो.

एका पांढऱ्या फुलाची गोष्ट

वनस्पतीतून या आजारावर खरंच औषध मिळालं आहे का? मिळालं आहे. त्याची गोष्ट समजून घ्यायला आपल्याला युरोपच्या पूर्वेकडच्या थंड डोंगरांत जावं लागेल.

तिथं हिवाळा सरता सरता, बर्फ असतानाच, एक छोटं पांढरं फूल उमलतं. त्याचं नाव स्नोड्रॉप. जमिनीखाली त्याचा कांद्यासारखा कंद असतो. १९५१ मध्ये माशकोव्स्की आणि क्रुग्लिकोवा-ल्वोवा या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी या वनस्पतीतल्या गॅलँटामिन नावाच्या घटकाचं काम दाखवून दिलं. पुढं बल्गेरियात दिमितर पास्कोव यांनी त्याचं औषध तयार केलं. पण ते सुरुवातीला वापरलं गेलं ते नसांच्या आणि स्नायूंच्या दुबळेपणावर.

मग विसरण्याशी त्याचा संबंध काय? मेंदूतल्या एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवणारं एक रसायन असतं, ॲसिटिलकोलिन. गटाच्या बैठकीचा निरोप सचिवताई घरोघर पोचवतात, तसंच ते काम. निरोप पोचला की दुसरा एक घटक ते रसायन मोडून टाकतो. अल्झायमरमध्ये हे निरोपाचं रसायनच कमी पडतं. गॅलँटामिन त्या मोडणाऱ्या घटकाला आवरून धरतं, म्हणून उरलंसुरलं रसायन जरा जास्त वेळ टिकतं.

अमेरिकेत अल्झायमरसाठी या औषधाला २००१ मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे १९५१ पासून ५० वर्षं गेली! आज हा घटक प्रयोगशाळेतही बनवतात. वेल्समधल्या डोंगराळ भागात त्याच्यासाठी डॅफोडिल फुलांची शेतीही केली जाते.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. एक, या औषधाने आजार बरा होत नाही. काही जणांची लक्षणं काही काळ थोडी सावरतात, एवढंच. मळमळ, उलटी, नाडी मंद होणं असे त्रासही होऊ शकतात. दुसरी, गोळीत रोजचे ८ ते २४ मिलिग्रॅम मोजून दिलेले असतात. तोच कंद कुणी कच्चा खाल्ला तर विषबाधा होते.

शोधाच्या पायऱ्या

१. झाडाची नेमकी ओळख पटवणं. लोक ते कशासाठी वापरतात याची नोंद घेणं. ही माहिती बहुतेक वेळा गावातल्या जाणत्या बायाबापड्यांकडेच असते.
२. अर्क काढून त्यातला कामाचा घटक वेगळा करणं.
३. तो प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर तपासणं.
४. माणसाला तो सोसतो का, किती मात्रा द्यायची, हे थोड्या लोकांवर पाहणं.
५. पुष्कळ लोकांचे दोन गट करून एकाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी देणं. कोण काय घेतंय हे तपासणाऱ्यालाही कळू द्यायचं नाही.

प्रत्येक पायरीवर कितीतरी वनस्पती गळतात. पाचवी पायरी इतकी महत्त्वाची का, ते गिंकोवरून कळतं. गिंको हे मूळचं चीनमधलं झाड. त्याच्या पानांचा अर्क आठवणीसाठी जगभर विकला जातो. अमेरिकेत ७५ वर्षांपुढच्या ३०६९ लोकांवर सुमारे सहा वर्षं चाचणी झाली आणि २००८ मध्ये निकाल आला. गिंको घेणाऱ्या १५४५ पैकी २७७ जणांना स्मृतिभ्रंश झाला, औषध नसलेली गोळी घेणाऱ्या १५२४ पैकी २४६ जणांना. म्हणजे गिंकोने आजार टळला नाही. "आमच्या शेजारणीला गुण आला" एवढ्यावर विसंबलो असतो, तर हे कधीच कळलं नसतं.

आपली ब्राह्मी कुठल्या पायरीवर आहे?

आपल्याकडे दोन वनस्पतींना ब्राह्मी म्हणतात. गोलसर, कातरलेल्या काठाच्या पानांची ती मंडूकपर्णी. पाणथळ जागी पसरणारी, बारीक जाडसर पानांची ती जलब्राह्मी. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने जलब्राह्मीवर बरंच काम केलं आहे. तिच्यातल्या घटकांना बॅकोसाइड म्हणतात. निरोगी वडीलधाऱ्यांवर काही लहान चाचण्या झाल्या. साधारण १२ आठवडे अर्क घेतल्यावर काहींच्या आठवणीच्या परीक्षेत थोडी सुधारणा दिसली. पण स्मृतिभ्रंश झालेलं माणूस ब्राह्मीने बरं झालं, असा पुरावा नाही. आशा आहे, पण वाट अजून लांब आहे.

घरी आणि गटात काय करायचं?

• विसरणं वाढलं तर आधी दवाखाना. जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, मनाची उदासी किंवा एखाद्या गोळीचा परिणाम यामुळेही विसरायला होतं, आणि त्यावर उपचार आहेत. पुडीवर सहा महिने घालवले तर ती वेळ हातची जाते.
• डॉक्टरांची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. घरात काढा किंवा चूर्ण चालू असेल तर डॉक्टरांना न लाजता सांगा.
• रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवा, कमी ऐकू येत असेल तर तपासा, म्हाताऱ्या माणसाला एकटं पाडू नका. स्मृतिभ्रंशाचा धोका यामुळे कमी होतो.
• गट वनस्पती गोळा करत असेल तर सांडपाण्याच्या कडेची जलब्राह्मी घेऊ नका. ती पाण्यातले शिसं, कॅडमियम असे घातक धातू शोषून घेते.
• औषध म्हणून विकायचं तर परवाना लागतो. "विसरणं बरं होतं" असं पुडीवर लिहू नका. ते वाचून एखादी सून सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं थांबेल.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गावात ब्राह्मी कोणत्या वनस्पतीला म्हणतात? दोन्ही आणून ओळखून पाहा.
२. कुणी औषधाची पुडी विकायला आलं, तर त्याला कोणते तीन प्रश्न विचाराल?
३. आपल्या गटात घरी विसरणाऱ्या माणसाला सांभाळणारी कुणी आहे का? तिला दुपारचे दोन तास मोकळे मिळावेत, यासाठी आळीपाळीने कोण बसू शकेल?