सभासद कोणाला होता येते?

'सभासद' हा शब्द पतसंस्थेमुळे वा वाचनालयामुळे आपल्या परिचयाचा आहे. वर्गणी भरली, पावती घेतली की आपण सभासद झालो. परंतु केवळ एका प्रकारच्या गोष्टी आवडतात म्हणून माणसे एकत्र आली आणि त्यांनी संस्था उभारल्या, असेही घडले आहे. विज्ञानकथेचा इतिहास वाचताना माझे लक्ष कथांपेक्षा या सभासदांकडेच अधिक गेले.

अमेरिकेत 1926 साली ह्यूगो गर्न्सबॅक यांनी 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक सुरू केले. त्यात वाचकांची पत्रे त्यांच्या पत्त्यांसह छापली जात. त्यामुळे दूरदूरच्या गावी एकट्याने वाचणाऱ्यांना एकमेकांचा पत्ता मिळाला. पुढे 1934 साली गर्न्सबॅक यांच्याच 'वंडर स्टोरीज' मासिकातून 'सायन्स फिक्शन लीग' स्थापन झाली. सभासदाला प्रमाणपत्र मिळे आणि कोटाला लावायला बिल्ला. लीगच्या शाखा इंग्लंडातही निघाल्या. जानेवारी 1937 मध्ये लीड्सच्या शाखेने एक छोटेसे संमेलन भरविले. त्याला आर्थर क्लार्क हा तरुण हजर होता. कॉलेजात जाण्याइतका पैसा नसल्याने तो लंडनला सरकारी कारकुनी करीत होता आणि त्याचे वय होते 19 वर्षे. याच क्लार्क यांनी 1945 साली पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहांतून संदेशवहन कसे करता येईल, हे लेख लिहून मांडले!

अर्थात जेथे सभासदत्व आले, तेथे दारही आले. 1939 साली न्यूयॉर्कला पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले, तेव्हा आपसांतील भांडणामुळे सहा तरुण चाहत्यांना दारातूनच परत पाठविण्यात आले. म्हणून संस्था कोणाला आत घेते, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

आपल्याकडे केवळ चाहत्यांची अशी संस्था नव्हती. पण त्या कामाचा मोठा वाटा मराठी विज्ञान परिषदेने उचलला. 24 एप्रिल 1966 रोजी मुंबईत तिची स्थापना झाली. विज्ञान मराठीतून सर्वांपर्यंत न्यावे, हा तिचा हेतू. परिषदेने विज्ञानकथांच्या स्पर्धा घेतल्या. 1974 च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. वास्तविक ती कथा जयंत विष्णु नारळीकर यांची होती! आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव घेतले आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगला यांच्याकडून कथा लिहवून घेतली. पुढे 1979 साली त्यांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह आला, आणि 2021 च्या नाशिक साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 2025 साली त्यांचे निधन झाले.

या हकिकतीत नारळीकरांचा मोठेपणा आहेच. पण मला मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्या स्पर्धेत खरोखरीच कोणी जगताप असता, तर त्यालाही तेच बक्षीस मिळाले असते.

हे मी का लिहिते आहे? मी कला शाखेची विद्यार्थिनी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. सोलापूरच्या पूर्वभागात आमचे घर आहे. वडील यंत्रमागावर जातात, आई विड्या वळते. घरची भाषा तेलुगू. "आर्ट्सवालीला विज्ञान कशाला?" हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकला आहे.

एके दिवशी आई पाने कातरीत बसली असताना मी तिला कृष्णविवराविषयी तेलुगूत सांगितले. त्यातून उजेडसुद्धा बाहेर पडत नाही, असे म्हटल्यावर तिने विचारले, "मग ते तिथं आहे हे कळलं कसं?" शास्त्रज्ञांनाही याच प्रश्नाचे उत्तर शोधावे लागले. जवळचा तारा न दिसणाऱ्या कशाभोवती तरी फिरताना दिसतो, त्यावरून ते ओळखता येते. मी हे सांगितल्यावर आई म्हणाली, "असं होय!" आणि पुन्हा पाने कातरू लागली.

तेव्हा माझी सूचना अशी : आपल्या महाविद्यालयात विज्ञानकथा वाचकमंडळ सुरू व्हावे. वर्गणी नको, शाखेची अट नको. महिन्याला एक कथा वाचावी आणि प्रत्येकाने तीवर एक प्रश्न विचारावा. प्रश्न विचारता येणे एवढीच सभासदत्वाची पात्रता असावी. तसे झाले तर पहिल्या यादीत मी दोन नावे देईन.