'क्रमशः' : मोबाईलवरील मंगा आणि आपला वाचनतास



"पोरगं दिवसभर मोबाईलवर चित्रं बघत बसतं, पुस्तकाला हात लावत नाही!" पालक सभेत ही तक्रार हमखास येते. आपल्या वसई-विरारमध्ये अनेक आई-वडील सकाळची लोकल पकडतात ते रात्रीच घरी परततात. मधल्या वेळेत घरात मूल आणि मोबाईल. पण ते नेमकं काय बघतंय? काही मोठी मुलं चक्क वाचत असतात, 'मंगा'!

मंगा म्हणजे काय?

मंगा म्हणजे जपानी चित्रकथा. बहुतेक काळ्या-पांढऱ्या रंगात, उजवीकडून डावीकडे वाचायची आणि भागाभागाने येणारी. मुलांचा लाडका डोरेमॉन मूळचा मंगाच. डिसेंबर १९६९ मध्ये तो जपानमधील इयत्तेनुसार निघणाऱ्या मासिकांतून सुरू झाला. लेखक फुजिको एफ. फुजिओ प्रत्येक इयत्तेच्या वयाला जमेल अशी वेगळी गोष्ट देत. आपण स्तरानुसार अध्यापन म्हणतो, तेच की!

आता मासिकाची जागा ॲपने घेतली आहे. २०१४ मध्ये जपानमध्ये 'शोनेन जंप प्लस' हे ॲप सुरू झाले. 'स्पाय फॅमिली' ही गाजलेली मालिका मार्च २०१९ पासून त्यावरच येऊ लागली. गुप्तहेर वडील, मन वाचणारी मुलगी आणि शाळाप्रवेशासाठी आई-बाबांचीही मुलाखत! २०१९ मध्येच आलेल्या 'मंगा प्लस' या ॲपवर नवे भाग जपानसोबत त्याच दिवशी इंग्रजीत वाचता येतात.

यात शिकण्यासारखे काय?

१. वाट पाहणे : भाग ऐन रंगात आला की संपतो. मग पुढे काय होईल, याचा मूल अंदाज बांधते. 'चांदोबा'तल्या क्रमशः कथांची वाट आपणही पाहिलीच ना!

२. चित्र आणि शब्द जोडणे : चेहऱ्यावरचा भाव आणि फुग्यातला संवाद मिळून अर्थ लागतो. अडखळत वाचणाऱ्या मुलाला चित्राचा आधार मिळतो.

३. आवाजाचे शब्द : मंगात असे शब्द भरपूर. शांततेलासुद्धा 'शीन' असा शब्द आहे! आपल्याकडे खळखळ, कडकडाट, किणकिण आहेतच. व्याकरणातले अनुकरणवाचक शब्द इथे आपोआप शिकवून होतात.

वर्गात काय करावे?

मोबाईल लागत नाही. कागद आणि पेन्सिल पुरे. पाचवीच्या वर्गासाठी विषय घ्या 'वसईची मोहीम'. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून किल्ला जिंकला. किल्ला मुलांनी पाहिलेला असतो.

• चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला मोहिमेचा एक भाग द्या.
• एका भागात सहा चौकटी. प्रत्येक फुग्यात एकच छोटे वाक्य.
• शेवटच्या चौकटीत उत्सुकता ठेवून खाली 'क्रमशः' लिहा.
• दर शनिवारी एकच भाग भिंतीवर लावा. पुढे काय होईल ते इतर गटांना वहीत लिहू द्या.

फुग्यातला संवाद घरच्या बोलीत चालेल. सामवेदी, वाडवळी, आगरी, हिंदी, गुजराती, जे येईल ते. नंतर सगळ्यांनी मिळून तो प्रमाण मराठीत लिहावा. जे मूल एरवी गप्प असते, तेही घरचा शब्द आला की बोलायला लागते.

पालकांसाठी दोन गोष्टी

सगळेच मंगा लहान मुलांसाठी नसतात. 'स्पाय फॅमिली'सुद्धा किशोरवयीनांसाठी आहे. त्यामुळे ॲपवर दिलेला वयोगट आधी बघा. चोरून टाकलेल्या फुकट प्रतींच्या साइट्स टाळा, तिथे वयाची चाळणी नसते आणि नको त्या जाहिराती असतात.

दुसरे म्हणजे, रात्री घरी आल्यावर मोबाईल हिसकावून घेण्याआधी फक्त विचारा, "आज काय झालं गोष्टीत? सांग की." मूल मराठीत गोष्ट सांगू लागेल. वाचलेले स्वतःच्या शब्दांत सांगणे, हीच तर भाषेची अध्ययन निष्पत्ती आहे. त्यासाठी दिवसातली दहा मिनिटे पुरतात, पण ती द्यावी लागतात.