मरणाचे स्मरण आणि जगण्याची दृष्टी : 'गीता प्रवचने', अध्याय आठवा

उद्दिष्टे

या पाठाच्या अध्ययनानंतर आपल्याला :
• विनोबांनी मांडलेल्या प्रयाणसाधनेचा आशय सांगता येईल.
• मरणाचे भय आणि मरणाचे स्मरण यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• दृष्टान्ताचे सामर्थ्य आणि मर्यादा तपासता येतील.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मरणाचा विषय निघाला की 'अभद्र बोलू नये' असे म्हणून आपल्याकडे तो टाळला जातो. विनोबा भावे यांनी तो जाणीवपूर्वक हाती घेतला. १९३२ मध्ये ते राजबंदी म्हणून धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी त्यांनी सहबंद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. साने गुरुजींनी ही प्रवचने टिपून घेतल्यामुळे 'गीता प्रवचने' हा ग्रंथ सिद्ध झाला. त्यातील आठव्या अध्यायाचा विचार आपण येथे करणार आहोत.

विषय-विवेचन

अंतकाळी ज्याचे स्मरण घडते तशी गती लाभते, असे गीतेचा आठवा अध्याय सांगतो. यावरून 'शेवटचा क्षण साधला की पुरे' असा समज होऊ शकतो. विनोबा नेमका तोच दूर करतात. त्यांच्या मते शेवटचा क्षण हा आयुष्यभराच्या संस्कारांचा गोळाबेरीज झालेला हिशेब असतो. आपण एक साधे उदाहरण घेऊ. बालपणी गिरवलेल्या पाट्या केव्हाच पुसल्या गेल्या. पण हाताला लागलेले वळण आजही टिकून आहे. कर्मे अशीच विसरली जातात आणि त्यांचा ठसा मागे राहतो. म्हणून मरणाची तयारी ही म्हातारपणाची बाब नसून आजच्या दिवसाची बाब ठरते.

हे पटवून देण्यासाठी विनोबा एकनाथांची एक गोष्ट सांगतात. आपले जीवन निष्पाप का नाही, असे विचारणाऱ्या गृहस्थाला नाथ सांगतात, की त्याचे मरण सात दिवसांवर आले आहे. तो घाबरून अंथरूण धरतो. सातव्या दिवशी नाथ येऊन 'या काळात किती पापे झाली?' असे विचारतात. मरण डोळ्यांपुढे असताना पापाचा विचारही मनात आला नाही, हे तो कबूल करतो.

दृष्टान्त परिणामकारक आहे. तथापि येथे थोडे थांबून विचार करावा. त्या गृहस्थाच्या हातून पाप घडले नाही, पण सत्कृत्य तरी कोठे घडले? भयाने तो वाईटापासून दूर राहिला, तसाच जगण्यापासूनही दूर राहिला. दृष्टान्ताची ही उणीव त्याच अध्यायात भरून निघते. कृष्ण अर्जुनाला निरंतर स्मरण ठेवण्यास सांगतो आणि त्याच वेळी युद्धही करण्यास सांगतो. स्मरण आणि कर्तव्य यांची ही जोडी सुटली, तर मरणाचा विचार माणसाला पंगू करतो. ती जुळली, तर क्षुल्लक काय आणि मोलाचे काय हे निवडण्याची दृष्टी देतो. भय आणि स्मरण यांतील भेद तो हाच.

नोकरी, घर आणि अभ्यास यांचा मेळ घालणाऱ्या आपणांस वेळेचा तुटवडा नवा नाही. काळ अपुरा आहे, ही जाणीव हातपाय गाळण्याचे कारण होऊ शकते. तीच आज कोणते काम प्रथम करावे याचा निकषही होऊ शकते.

विनोबांच्या बाबतीत हा विचार प्रवचनापुरता राहिला नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे आजारी असताना त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडले व १५ नोव्हेंबरला देह ठेवला. त्यांच्या या निर्णयाविषयी मतभेद असू शकतात. परंतु त्याआधी भूदानासाठी वर्षानुवर्षे गावोगाव केलेली पदयात्रा लक्षात घेतली, तर त्यांच्या लेखी मरणाचे स्मरण हे कर्माला पर्याय नव्हते, हे स्पष्ट होते.

सारांश

अंतिम क्षण रोजच्या जगण्यातून घडतो. मरणाचे भय माणसाला थांबवते, तर मरणाचे स्मरण कर्तव्याची निवड करायला शिकवते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'शेवटचा क्षण स्वतंत्र नसतो' हे विधान स्पष्ट करा.
२. एकनाथांच्या दृष्टान्ताचे सामर्थ्य व मर्यादा लिहा.
३. आपल्या परिचयातील एका व्यक्तीच्या जीवनाच्या आधारे भय आणि स्मरण यांतील भेद दहा ओळींत मांडा.