हळदीकुंकवाची काडी : फुकट किती, विकत किती

मागच्या पावसाळ्यात नर्सरीतून सत्तर रुपयांना एक हळदीकुंकू आणलं. लाल पाकळ्या, मध्ये पिवळा तुरा, पानं तुकतुकीत. चौथ्या दिवशी प्लेन टायगर फुलपाखराची मादी आली आणि पानांच्या खाली एकेक अंडं चिकटवून गेली. आठवड्याभरात काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचे सात सुरवंट खाताना दिसू लागले, आणि त्यानंतर दोन दिवसांत सातही कुंडीतल्या मातीवर वाकडे होऊन पडले. आणलं तेव्हा पानांवर एकही भोक नव्हतं, मावा नव्हता, कोळी नव्हता. इतकं नितळ रोप बघून मी खूश झालो होतो. ते नितळ का होतं, हे सुरवंट मेल्यावर कळलं. अंगात भिनणारं कीटकनाशक रोपाला दिलेलं असलं की ते बरेच दिवस पानांत राहतं. वरून धुऊन ते जात नाही.

तेव्हापासून मी हे झाड विकत घेत नाही, काडीपासून करतो. मात्र ‘घरी केलं की फुकटात होतं’ असं जे सांगितलं जातं, त्याचा हिशेब एकदा नीट मांडायला हवा.

आधी झाडाची ओळख. इंग्रजीत ज्याला मिल्कवीड म्हणतात त्या कुळातली आपल्या ओळखीची झाडं दोन. एक रुई, रस्त्याकडेला आपोआप उगवणारी. दुसरं हळदीकुंकू, काही भागांत कुरकी म्हणतात ते. हे मूळचं उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचं, पण आता इथे चांगलं रुळलेलं. नर्सरीत ‘मिल्कवीड’, ‘ब्लड फ्लॉवर’ किंवा नुसतं ‘बटरफ्लायचं झाड’ म्हणून मागितलंत तरी मिळेल. कधीकधी त्याच नावाखाली लाल-पिवळी घाणेरीही गळ्यात मारतात. एक पान देठाशी तोडून बघा. दुधासारखा चीक आला नाही, तर ते हळदीकुंकू नव्हे.

काडी कुठून आणायची? ज्याच्या झाडाची पानं सुरवंटांनी कुरतडलेली दिसतात त्याच्याकडून. कुरतडलेलं पान म्हणजे या झाडावर विष नाही याची पावती. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे असं एक खडबडीत, निम्मं खाल्लेलं झाड होतं. काकू म्हणाल्या, “अहो, हे किडकं कशाला नेताय?” बारा काड्या मिळाल्या, बदल्यात कढीपत्त्याचं एक रोप गेलं. ते हिशेबात धरलेलं नाही.

जून ते ऑगस्ट हा उत्तम काळ. फेब्रुवारी-मार्चमध्येही जमतं. एप्रिल-मे महिन्यांत काडी मुळं धरायच्या आधीच वाळते, आणि कडक थंडीत नुसती उभी राहते, ना जगते ना मरते.

फांदी कोवळी लुसलुशीत नको आणि तळाची लाकडासारखीही नको. बोटांनी वाकवली तर थोडी वाकावी आणि मग कट्‌कन तुटावी, इतपत. वीतभराहून कमी, म्हणजे दहा ते पंधरा सेंटिमीटर लांब. खालचा काप पेराच्या लगेच खाली घ्या, कारण मुळं तिथूनच जोमाने फुटतात. वरची चार पानं ठेवा, बाकीची काढा. फुलं आणि कळ्या सगळ्या खुडा. इथे भल्याभल्यांचा हात थांबतो. पण फूल ठेवलंत तर काडी आपली साठवण त्यातच घालवते.

कापल्याबरोबर टोकाशी चिकाचा पांढरा मणी जमतो, मग दुसरा, मग एक ओघळ. तो तसाच सुकू दिला तर कापावर खपली धरते आणि काडी पाणी नीट ओढत नाही. म्हणून कापलेल्या काड्या लगेच कोमट पाण्याच्या पेल्यात उभ्या करा. पाणी आधी ढगाळ होतं. अर्ध्या तासाने ते बदला, आणि दुसरं पाणी स्वच्छ राहिलं की पुढचं काम करा. माझी आई मात्र कापाला हळद लावते. हळदीकुंकवाला हळद! तिच्याही काड्या जगतात, त्यामुळे वाद घालत नाही.

या चिकाबद्दल थट्टा नको. त्यात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. फुलपाखराची अळी तीच अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या आणि पुढे फुलपाखराच्याही वाटेला सहसा जात नाहीत. आपल्या बाबतीत खरा धोका डोळ्यांना. चीक लागलेला हात डोळ्याला लागला तर कधीकधी फारसं दुखत नाही, दिसणं मात्र धूसर होतं. आणि दुखत नाही म्हणून माणूस दवाखान्यात जायचं टाळतो. तसं करू नका. पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला. घरात रांगतं मूल किंवा पानं चावणारं मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा, नाहीतर हे झाड लावूच नका.

आता मुळं. दोन रस्ते आहेत. पाण्यात ठेवायचं तर गडद रंगाची बाटली घ्या, दोन दिवसांआड पाणी बदला. दहा दिवस ते तीन आठवडे एवढ्या काळात पांढरी मुळं दिसतात, आणि ती बघण्यातच निम्मी मजा आहे. पण पाण्यातली मुळं काचेसारखी ठिसूळ असतात. दोन-तीन सेंटिमीटरची झाली की लगेच मातीत हलवा. दुसरा रस्ता थेट कोकोपीटमध्ये रोवण्याचा. भिजवलेलं कोकोपीट मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंब पडावेत, धार लागता कामा नये. धार लागली तर काडीचा बुडखा काळा पडून कुजतो. दह्याच्या रिकाम्या डब्यांना खाली भोकं पाडा, काडी रोवा, सावलीत ठेवा. वर प्लास्टिकची बाटली पालथी घालायचा सल्ला सगळे देतात. मार्चमध्ये तो बरोबर आहे. आपल्या जुलैच्या हवेत बुरशी आणायचा तो सोपा उपाय आहे.

रूटिंग पावडर घ्यायची का? एकशे दहा रुपयांची डबी आणून सहा काड्यांना लावली, सहांना नाही. पावडरच्या पाच जगल्या, बिनपावडरच्या चार. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण पुन्हा पैसे घालावेत असंही वाटलं नाही. गुलाबाची कलमं करत असाल आणि घरात पावडर असेलच, तर लावा. खास यासाठी आणू नका.

माझ्या वहीतला हिशेब असा. कोकोपीटची लहान वीट साठ रुपये; भिजवल्यावर ती आठ-नऊ लिटर होते, त्यामुळे निम्मी उरली. नऊ इंची आठ ग्रोबॅग, अठरा रुपयांना एक, म्हणजे एकशे चव्वेचाळीस. गांडूळखत पाच किलो, एकशे पंचवीस. लाल मातीची गोणी शंभर. एकूण चारशे एकोणतीस. बारापैकी नऊ काड्यांनी मूळ धरलं, एक नंतर माझ्याच जास्त पाणी घालण्याने गेली, आठ रोपं उभी राहिली. रोपामागे जवळजवळ चोपन्न रुपये. भाव तुमच्या गावात कमीजास्त असतील, पण प्रमाण साधारण हेच राहील.

म्हणजे सत्तरच्या रोपावर वाचले जेमतेम सोळा. पावडरचे एकशे दहा धरले तर तेवढेही वाचत नाहीत, उलट सदुसष्ट रुपयांपर्यंत जातं. ग्रोबॅगऐवजी तेलाचे डबे आणि फुटक्या बादल्या वापरल्या असत्या तर पावडरशिवाय छत्तीस रुपयांत काम झालं असतं. घरपोच मागवायचं म्हणाल तर पाठवणीचाच खर्च रोपाच्या किमतीला गाठतो, आणि मऊ देठाचं हे झाड खोक्यात मोडून येतं.

पैसे वाचवायला हा उद्योग करत असाल तर मन रमणार नाही. रोपाचा भाव हा यातला खरा खर्चच नव्हे, खरा खर्च भुकेचा आहे. प्लेन टायगरची अळी अंड्यातून तीनेक दिवसांत निघते आणि साधारण दोन आठवडे खाते. त्यातलं बहुतेक खाणं शेवटच्या तीन-चार दिवसांत होतं. कालपर्यंत पानाची कड कुरतडणारी अळी अचानक देठासकट पान संपवते. एका लहान कुंडीवर चार अळ्या म्हणजे झाडाचा नुसता खराटा. म्हणून एक झाड लावण्यात अर्थ नाही, आठ हवीत, आणि आठही विषाविना वाढलेली. काडीचा फायदा इथे आहे. बियांपासूनही रोपं होतात आणि बियाही फुकट, पण काडीचं रोप सुरवंटांना खाऊ घालण्याइतकं लवकर भरतं.

पानं कमी पडलीच तर रुईकडे जा. शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर माळा विकायला बसतात ना, त्याच रुईची पानं. धुऊन, पुसून दिली तर सुरवंट बहुतेक वेळा ती स्वीकारतात. रुईची काडी मात्र कुंडीसाठी करू नका. तिला खोल जमीन लागते आणि जाड काडी मुळं धरण्याआधी कुजते. पांढऱ्या फुलांचा मांदार गणपतीच्या नावाने चढ्या भावाला विकतात. श्रद्धेने घेत असाल तर बोलणं नाही. फुलपाखराला दोन्ही सारखेच.

पिवळा, काळ्या पायांचा मावा येणारच. कण्हेरीवर येतो तोच हा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडा, उरलेला बोटाने चिरडा. कडुनिंबाचं तेलही नको, ते सुरवंटांनाही मारतं. इथला खर्च शून्य, फक्त रोज सकाळची पाच मिनिटं.

न्यू जर्सीहून भाचीने विचारलं, बिया पाठवशील का. नाही म्हटलं. तिथे वनस्पती आणि बिया आणण्याचे नियम कडक आहेत, आणि मोनार्क फुलपाखरांसाठी तिथलीच मिल्कवीड लावावीत असं तिकडचे जाणकार सांगतात. दलदलीत वाढणारी गुलाबी फुलांची ‘स्वँप मिल्कवीड’ काडीपासून करायला सोपी. हळदीकुंकू इथलंही मूळचं नव्हे, म्हणून इथेही त्याच्या शेंगा तडकण्याआधी तोडा. कापसाच्या म्हाताऱ्या टेकडीवर उडाल्या की परत गोळा करता येत नाहीत.

ऑगस्टअखेर आठपैकी पाच कुंड्यांत फक्त हिरव्या काठ्या उरल्या होत्या. एका ग्रोबॅगच्या कडेला पोपटी कोश लटकत होता. त्या काठ्या पेराखाली कापल्या, वीतभर बुंधे कुंडीत फुटायला ठेवले आणि कापलेले तुकडे बाटलीत घातले. दुसऱ्या खेपेचा खर्च वहीत लिहिलाय : गांडूळखत दोन किलो, पन्नास रुपये.