रस्सा झणझणीतच ठेवा, भात मोजून घ्या

रविवारी दुपारी आम्ही काही जणी विहाराच्या ओट्यावर बीपीचे मशीन आणि साखर बघायचे यंत्र घेऊन बसतो. मागच्या पावसाळ्यात एक मावशी आल्या. वय ५४, चार घरची धुणीभांडी करतात. जेवून दोन तास झाले होते. बोटाचा थेंब घेतला तर आकडा आला ३१२.

"मावशी, काय जेवलात आज?"

"काय नाही हो सिस्टर, दूधभात. तिखट मी बंदच केलंय. पोरांनी मटण केलं होतं, पण रस्सा मी तोंडाला सुद्धा लावला नाही."

घरच्यांनाही वाटत होते की आई किती कडक पथ्य पाळते. पथ्य त्या खरोखरच पाळत होत्या, फक्त ते उलटे होते. मटण आणि रस्सा सोडला आणि ताटभर भात धरला. आपल्या वस्तीत शुगर निघाली की पहिला घाव तिखटावर पडतो, दुसरा मटणावर. भातावर कोणी बोट ठेवत नाही, कारण भात म्हणजे आजाऱ्याचे हलके जेवण अशी आपली लहानपणापासूनची समजूत. ताप आला की पेज, जुलाब झाले की दहीभात. तिथे ते ठीकच आहे. मधुमेहात नाही.

रक्तातली साखर मुख्यतः वाढवतात ते पिष्टमय पदार्थ, म्हणजे कार्बोहायड्रेट. भात, पोळी, भाकरी, बटाटा, साबुदाणा, पोहे, गूळ, साखर हे सगळे त्यात आले. पोटात गेल्यावर त्यांची साखरच होते. एक वाटी शिजलेला भात, साधारण १५० ग्रॅम, यात ४० ग्रॅमच्या आसपास पिष्ट असते. साखरेचा एक चमचा ५ ग्रॅम धरला तर हे ८ चमचे झाले. आता ताटातला डोंगर पाहा. तो सहज तीन वाट्यांचा असतो, म्हणजे २४ चमचे. चहात साखर नको म्हणून भांडणारी माणसे हे २४ चमचे मुकाट्याने जेवतात.

भाकरीबद्दल मला नेहमी विचारतात. ज्वारीची भाकरी चालते का? चालते, पण ती बिनसाखरेची नाही. ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीतही ४० ग्रॅमच्या जवळपास पिष्ट आहेच. तिच्यात चोथा असतो म्हणून साखर भातापेक्षा जरा सावकाश चढते, एवढाच फायदा. "भाकरीला बंधन नाही" असे समजून तीन भाकरी खाल्ल्या तर तो फायदा कुठल्या कुठे जातो.

आणि मिरची? मिरची, लसूण, काळा मसाला, हळद यांनी साखर चढत नाही. मटण, कोंबडी, मासळी यांत पिष्ट जवळजवळ नसतेच, अंड्यात एक ग्रॅमसुद्धा नसते. ज्यांना ॲसिडिटी किंवा पोटात अल्सर आहे त्यांनी तिखट जपून खावे. पण ते दुखणे वेगळे आहे, दोन्हींची गल्लत करू नका.

मग आपले ताट धान्याने एवढे भरलेले का? यात आपला दोष नाही. आपल्या आजी-आजोबांच्या वाट्याला रस्सा यायचा पातळ आणि जाळ, कारण त्या थोड्याशा कालवणावर चार भाकऱ्या संपवायच्या असत. त्या भाकऱ्या दिवसभर दुसऱ्याच्या शेतात, खडी फोडण्यात जिरून जात. आज तोच माणूस सोसायटीच्या गेटवर खुर्चीत बारा तास बसतो किंवा रिक्षा चालवतो. काम बदलले, ताट तेच राहिले. वर रेशनवर मिळते ते माणशी ५ किलो धान्य, तेही मुख्यतः तांदूळ आणि गहू. फुकट मिळते ते पोटात जाणारच. मांसाचे म्हणाल तर २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बैलाचे मांसही बंद झाले आणि गरिबाच्या चुलीवरचे एक स्वस्त प्रथिन गेले. 'मटण खा' म्हणून सल्ला देणाऱ्याने आधी मटणाचा भाव विचारावा.

भात कमी करणे ही गोष्ट आपल्या परंपरेला नवीन नाही. संयुत्तनिकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. हा राजा द्रोणभर तांदळाचा भात जेवायचा. एकदा तो तसाच पोटभर जेवून धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी मात्रा जाणून जेवण्यावर एक गाथा सांगितली. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि आपण जेवायला बसलो की रोज म्हणायची, असे सांगितले. त्यासाठी त्याला दररोज शंभर कार्षापण बांधून दिले. हळूहळू राजा एका नाळीएवढ्या भातावर आला आणि अंगाने सडपातळ झाला. राजाने भात एका दिवसात टाकून दिला नाही, हळूहळू कमी केला. आणि आठवण करून द्यायला शेजारी माणूस ठेवला. तुमच्या घरी हे काम शाळेत जाणारी नात करू शकते, तेही शंभर कार्षापण न घेता.

आता चुलीकडे वळू. मोबाईलवर 'लो-कार्ब' म्हणून ज्या पाककृती फिरतात त्यात बदामाचे पीठ, चीज, खोबरेल तेल असले काय काय असते. ते आपल्यासाठी नाही, आणि त्याची गरजही नाही. आपला रस्सा मुळातच कमी पिष्टाचा आहे. तो बिघडतो दोन ठिकाणी. एक, दाटपणासाठी पीठ लावल्याने. येसर चमचाभर घातला तर काही बिघडत नाही, पण पाहुणे वाढले की डावभर पीठ कालवून रस्सा वाढवतात, तिथे पिष्ट शिरते. दुसरे, बटाट्याने. अंडी चार आणि माणसे सहा झाली की बटाटे पडलेच.

चार माणसांसाठी मी अंड्याचा रस्सा करते तो असा. सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी आणि दोन मध्यम कांदे थेट गॅसवर किंवा विस्तवावर काळे डाग पडेपर्यंत भाजायचे. दोन चमचे तीळ तव्यावर तडतडू द्यायचे. लसणाची एक गड्डी, आल्याचा तुकडा, कोथिंबीर देठांसकट. हे सगळे पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत वाटायचे. वाटण जितके बारीक तितका रस्सा आपोआप दाट होतो, पीठ लागतच नाही. चार चमचे तेलात हे वाटण मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतायचे. इथे घाई केली तर रस्सा कच्चा लागतो. मग दोन चमचे काळा मसाला, हळद, आपल्या जिभेला झेपेल तेवढे तिखट. पाणी गरमच घालायचे, गार पाण्याने तरी वर येत नाही. रस्सा उकळला की सहा अंडी एकेक करून त्यात फोडून सोडायची, झाकण ठेवायचे आणि पाच-सात मिनिटे हात लावायचा नाही. बलक घट्ट झाला की उतरवायचे. या रश्श्यात माणशी पिष्ट पडते ७-८ ग्रॅमच्या आसपास. तीन वाट्या भातातले १२० ग्रॅम आठवा, म्हणजे चोर कुठे बसला आहे ते कळेल.

याच वाटणात सुकट होते, वजडी होते, कोंबडीची कलेजी होते, सोयाबीनच्या वड्या होतात. कोरड्या ५० ग्रॅम वड्यांत साधारण २५ ग्रॅम प्रथिने असतात आणि किमतीला त्या परवडतात. गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळल्या की उग्र वास जातो. सुकट आणि बोंबील मात्र दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्या. त्यातले मीठ बीपीवाल्याला बाधते, आणि शुगरवाल्यांपैकी पुष्कळांना बीपीही असतेच. बटाट्याच्या जागी वांगे, दोडका, शेवग्याच्या शेंगा, फ्लॉवर घाला. अंबाडी, चुका, घोळ, तांदुळजा या भाज्या गरिबाच्या म्हणून हिणवल्या गेल्या, पण मधुमेहाच्या ताटाला त्यांच्याइतक्या चांगल्या भाज्या थोड्याच. डाळ खा, पण दाट डाळीच्या वाटीतही १५-२० ग्रॅम पिष्ट असते, म्हणून डाळ आणि भात दोन्ही भरपूर असे नको.

रस्सा खायचा कशाशी, हा खरा अडलेला प्रश्न. नुसता प्यायला तर पोट भरल्यासारखे वाटत नाही. मी पाव किलो कोबी अगदी बारीक चिरते, चमचाभर तेलात जिरे टाकून परतते, पाणी न घालता झाकण ठेवून चार मिनिटे वाफ देते. दीड वाटी कोबीत अर्धी वाटी भात मिसळायचा आणि वरून रस्सा ओतायचा. ताट भरलेले दिसते, चावायला लागते, आणि डोळ्यांचीही भूक भागते. पहिल्या आठवड्यात कोबी निम्मा आणि भात निम्मा ठेवा. घरातली तरुण मंडळी आधी हसतात, मग वाटी पुढे करतात.

आता जे सांगते ते दोनदा वाचा. गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात-भाकरी एकदम कमी करू नका. ही चूक माझ्याकडून झाली आहे. काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका काकांना मी उत्साहाने सांगितले, "भात सोडा, साखर खाली येते की नाही बघा." ते ग्लिमेपिराइडची गोळी घेत होते, आणि ते मी विचारलेच नाही. नर्स असून विचारले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांची मुलगी दार वाजवत आली. काका घामाने निथळत होते, भलतेच बडबडत होते. साखर ४८. शुद्ध होती म्हणून साखरेचे पाणी पाजता आले आणि निभावले. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या आणि इन्सुलिन, तुम्ही जेवा की जेवू नका, साखर खाली ओढतातच. म्हणून आधी डॉक्टरांना सांगा की मी भात कमी करणार आहे, आणि डोस ठरवून घ्या. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू असतील तर धान्य फार कमी करण्याने वेगळाच धोका होऊ शकतो, तेही विचारून घ्या. हातपाय थरथरणे, घाम, धडधड, एकदम भूक, चिडचिड ही साखर उतरल्याची लक्षणे. ७० च्या खाली आकडा दिसला तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

ज्यांची किडनी अधू आहे त्यांनी मांस, अंडी, सोयाबीन वाढवायचे की नाही ते डॉक्टरांनाच विचारावे. गरोदर बाई, वाढीची मुले, टीबीचे उपचार चालू असलेले, अंगाने वाळलेले यांनी हे करू नये, त्यांना धान्यही हवे. आणखी एक, पौर्णिमेला अष्टशील घेऊन दुपारी बारानंतर न जेवणाऱ्या उपासिका आपल्यात पुष्कळ आहेत, वर्षावासात तर जास्तच. त्यात शुगरची गोळी चालू असेल तर त्या दिवसाची गोळी कशी घ्यायची ते आधी विचारून ठेवा. चक्कर आली तर लगेच काहीतरी खा. भन्तेजीही तुम्हाला हेच सांगतील. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, आणि डॉ. सविता आंबेडकर स्वतः डॉक्टर म्हणून त्यांचे औषधपाणी आणि पथ्य सांभाळत, हे लक्षात असू द्या. घरातल्या शुगरवाल्याचे औषध सांभाळणे हे कमीपणाचे काम नाही.

ज्यांनी अजून तपासलेच नाही त्यांच्यासाठी: वय ३० झाले की बीपी आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारा.

त्या मावशींकडे परत येते. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. मटण त्याच शिजवायच्या, वाढायच्याही त्याच. सगळे जेवून उठले की पातेल्यात उरायचा तळाचा रस्सा आणि भात. फोडी केव्हाच संपलेल्या. शुगर निघायच्या आधीपासून हेच चालले होते, 'पथ्य' नंतर आले. मी त्यांच्या मोठ्या मुलाला बसवून सांगितले, वाढायच्या आधी आईच्या फोडी वेगळ्या काढून ठेव. तो कसनुसा झाला, म्हणाला, "आमच्या लक्षातच आलं नाही." आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिन वाढवले, मावशींनी भात तीन वाट्यांवरून दीड महिन्यात अर्ध्या वाटीवर आणला. तीन महिन्यांची साखर दाखवणारी तपासणी १०.४ होती, ती ८.१ वर आली. अजून ७ च्या जवळ यायची आहे. परवा विहारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "सिस्टर, कोबीला आता मी वरून लसणाची फोडणी देते. पण दूधभाताची आठवण येतेच हो."