आजार कामाचा, तर डॉक्टर कोणता?

आपल्या वस्त्यांत कुणी लादी-दगड कापतो, कुणी गटार साफ करतो, कुणी जुन्या बॅटऱ्यांचे शिसे वितळवतो. खोकला, धाप, कमी ऐकू येणे, अंगावर चट्टे अशा तक्रारी घेऊन आपण नाक्यावरच्या दवाखान्यात जातो. चार दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. कारण आजाराचे मूळ कामात असते आणि कामाबद्दल कुणी विचारलेलेच नसते. इटलीचे डॉक्टर रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला त्याचा धंदा विचारा, असा त्यांचा आग्रह होता. डॉक्टरांनी विचारले नाही, तर आपण सांगावे.

दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस पाहा. खोकला, धाप, वजन घटणे ही लक्षणे क्षयरोगासारखीच. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला क्षयाचा धोकाही जास्त. म्हणून थुंकीची तपासणी करावी, क्षयाच्या गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नयेत. पण आपण धुळीत काम करतो हेही सांगावे. सिलिकोसिसने खराब झालेले फुप्फुस पूर्ववत होत नाही. लवकर ओळख आणि धुळीपासून सुटका, हाच उपाय. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही. पाणी मारून कापल्यास ती कमी उडते.

मग जायचे कुठे? मुंबईचे उदाहरण घेऊ.

१. पगारातून ईएसआयची कपात होत असेल, तर आधी आपल्या ईएसआय दवाखान्यात जा. ‘माझा आजार कामामुळे आहे का, हे तपासा’ असे स्पष्ट सांगा आणि पुढच्या तपासणीची चिठ्ठी मागा.

२. कपात नसेल, तर सायन, केईएम, नायर, जे.जे. यांसारख्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात जा. दम-खोकल्यासाठी छातीविकार विभाग, चट्ट्यांसाठी त्वचा विभाग, ऐकू येत नसेल तर कान-नाक-घसा विभाग. याच कॉलेजांत ‘कम्युनिटी मेडिसिन’ विभाग असतो. आजार होऊ नये म्हणून काम करणारे डॉक्टर तिथे भेटतात. धारावीत सायनचे आणि मालवणीत केईएमचे नागरी आरोग्य केंद्र आहे.

३. कारखान्यात डॉक्टर असतील, तर त्यांनी ‘एएफआयएच’ हे औद्योगिक आरोग्याचे शिक्षण घेतले आहे का, ते विचारा. सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत हा अभ्यासक्रम शिकवला जातो.

जाताना एक कागद सोबत न्या. त्यावर लिहा: कोणते काम, किती वर्षे, धूळ, धूर, रसायन की आवाज, सुटीच्या दिवशी बरे वाटते का, सोबतच्या कामगारांनाही तोच त्रास आहे का. आधीची कामेही लिहा. सिलिकोसिस काम सोडल्यावरही दिसू शकतो. आपले काम केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. एक्स-रे, रिपोर्ट, पगाराची पावती, हजेरी कार्ड जपून ठेवा. भरपाई मागायची वेळ आली, तर हेच कागद पुरावा ठरतात.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल त्याच काळात आला आणि १९४८ मध्ये ईएसआयचा कायदा झाला. तो आपला हक्क आहे. ईएसआयच्या खिडकीवर तो उपकार म्हणून मागू नका.

या रविवारी घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाचा असा एक कागद तयार करावा, एवढीच आमची विनंती. लिहिता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या मुलीला-मुलाला सोबत बसवा.