घर राखू, सृष्टी राखू, पैसाही राखू



संत योहानच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात पाच भाकरींचा चमत्कार आपण वाचतो. हजारो लोक पोटभर जेवले. त्यानंतर प्रभू येशूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले. काहीही वाया जाऊ नये, ही त्याची इच्छा होती. बारा टोपल्या भरल्या. ज्याच्याजवळ देण्याचे अपार सामर्थ्य होते, त्यानेच उरलेला तुकडाही टाकू दिला नाही. काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे, ती देवाच्या देणगीचा आदर आहे, हे यातून आपण शिकतो.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात हीच शिकवण आपल्या काळाला लावली. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे नाहीत, असे त्यांनी सांगितले. जव्हार-मोखाड्यात हे समजावून सांगावे लागत नाही. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस पडतो आणि होळीनंतर हंडे घेऊन आपल्या बायाबापड्या पाण्यासाठी वणवण फिरतात. वैतरणेचे पाणी मुंबईची तहान भागवते, पण मोखाड्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि मुलांची शाळा सुटते. घरातल्या बचतीने हे सारे प्रश्न सुटणार नाहीत. परंतु घरखर्च जितका कमी, तितकी उचल कमी घ्यावी लागेल. म्हणून पुढील गोष्टींचा घराघरांत विचार व्हावा.

१. पाणी
एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी मिळते. तीस चौरस मीटरच्या पत्र्यावर वीस मिलिमीटर पाऊस झाला की सहाशे लिटर होतात. थोडे वाया गेले तरी दोन पिंपे सहज भरतात. वळचणीला पन्हळ लावा. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्या, कारण त्यात छपरावरची घाण असते. पिंपाला कापड बांधा, म्हणजे डास होणार नाहीत. हे पाणी भांडी, कपडे व गुरांसाठी वापरावे. प्यायचे असेल तर गाळून, उकळूनच प्यावे. मोरीचे पाणी अंगणात साचू न देता अळू, केळ, पपईला द्यावे. परसबागेतली शेवग्याची शेंग आणि दुधी बाजारातून आणावा लागत नाही.

पाऊस संपताच ओहोळावर रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालता येतो. तो एका घराचे काम नाही, पण पाड्याने एक दिवस श्रमदान केले तर होतो. अडलेले पाणी जमिनीत मुरते आणि जवळच्या विहिरीला आधार मिळतो.

२. चूल
लाकडाची मोळी आणणाऱ्या बाईचा अर्धा दिवस जातो. डाळ व कडधान्य रात्रीच भिजत घाला. भांड्यावर झाकण ठेवा. भाताला दोन-चार उकळ्या आल्या की झाकलेले भांडे पेंढा भरलेल्या टोपलीत ठेवून वर गोधडी घाला. उरलेला भात आतल्या उष्णतेवर शिजतो. गॅसचे सिलिंडर असेल तर तेही जास्त दिवस पुरते. चूल पेटवताना प्लास्टिकची पिशवी मात्र कधीही जाळू नका. त्याचा विषारी धूर सर्वांत आधी आईच्या आणि मांडीवरच्या बाळाच्या छातीत जातो.

३. वीज
घरात किंवा गोठ्यात साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब अजून असेल तर तो बदला. रोज पाच तास जळला तर तो महिन्याला नऊ युनिट खातो. नऊ वॅटचा एलईडी बल्ब दीड युनिटही खात नाही. युनिटला सहा रुपये धरले, तर एका बल्बमागे महिन्याला पंचेचाळीस रुपयांच्या आसपास वाचतात. नवा बल्ब काही महिन्यांतच आपली किंमत भरून काढतो.

४. घर
आपल्या वाडवडिलांचे कारवीच्या कुडाचे, शेणामातीने सारवलेले घर उन्हाळ्यात थंड राहते. नवे पक्के घर बांधले तरी जुना कुड लगेच मोडू नका. स्वयंपाकघर किंवा ओटी म्हणून तो ठेवता येईल. पत्र्याखाली पेंढ्याचा किंवा बांबूच्या तट्ट्याचा थर दिला तर ताप कमी होतो. पेंढा चुलीपासून मात्र दूर असावा.

५. शेत आणि बियाणे
नागली, वरई, उडीद यांचे आपले बियाणे राखेत घोळून जपून ठेवा. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जतन केल्याबद्दल पद्मश्री सन्मान मिळाला. त्यांनी जपलेला वारसा आपल्या कणगीतही आहे. पालापाचोळा व शेण खड्ड्यात कुजवले, तर विकतच्या खताची गोणी कमी लागते.

कुटुंबात चर्चेसाठी
• आपल्या घरात कोणती गोष्ट रोज वाया जाते?
• या महिन्यात वरीलपैकी कोणती एक गोष्ट आपण करू?
• वाचलेले पैसे कशासाठी ठेवू? मुलांची वह्या-पुस्तके, आजारपण, की शेजारच्या गरजवंताची मदत?

एकाच वेळी सर्व करायला जाऊ नये. एक गोष्ट निवडावी आणि ती टिकवावी.

प्रार्थना: हे स्वर्गीय पित्या, डोंगर, पाऊस आणि रान तू आमच्या हाती सोपवलेस. ते राखण्याची बुद्धी आणि उरलेले वाटून घेण्याचे मन आम्हांला दे. आमेन.